‘कापड चिकटवा, रेझिन ओता, झालं’: एवढ्यानं कार्बन फायबर होत नाही

गाडीच्या आतल्या प्लॅस्टिकला घरच्या घरी कार्बन फायबर कसं चढवायचं, हे सांगणारा एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: ट्रिम, म्हणजे आतल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि झाकणं, गाडीतच राहू द्या. प्लॅस्टिक कुठलंही असो, त्यावर कार्बनचं कापड चिकटवा आणि मिळेल ते रेझिन (हार्डनर मिसळल्यावर कडक होणारा चिकट द्रव) ओता. हार्डनर थोडं जास्त घाला म्हणजे लवकर वाळेल. थर जाड ठेवा म्हणजे घासावं लागणार नाही. एका दिवसात काम फत्ते. शिवाय गाडीचं वजन कमी होतं, ट्रिम रेसच्या गाडीइतकी मजबूत होते आणि यात घाबरण्यासारखं काहीच नाही.

हे काम मी बरीच वर्षं घरी करतो आहे आणि मला ते मनापासून आवडतं. म्हणूनच हा मजकूर वाचून जीव तुटतो. त्याबरहुकूम केलं की पॅनेल वाया जातं आणि करणाऱ्याला वाटतं, आपल्या हातातच कसब नाही. तसं नसतं. मजकुरात जे गाळलंय, नेमकं तेच खरं काम आहे.

‘वजन कमी होतं, रेसच्या गाडीसारखी मजबुती येते’

वजन कमी कसं होईल? आतलं प्लॅस्टिक जागच्या जागीच आहे. त्यावर आपण कापड आणि रेझिन चढवतो. या कामाला साधारण २०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं कापड वापरतात आणि रेझिनचा १ मिलिमीटर थर म्हणजे चौरस मीटरला किलोभराहून थोडं जास्तच. दाराच्या पट्टीएवढ्या तुकड्यावर ही भर काही ग्रॅमांचीच असते, पण ती भर आहे, घट नव्हे.

मजबुतीचं म्हणाल तर १९८१ साली मॅकलारेनची एमपी४/१ ही फॉर्म्युला वन गाडी आली, तिचा सांगाडाच कार्बन फायबरचा होता. त्यात भार कुठून कुठे जाणार हे पाहून धाग्यांची दिशा ठरवलेली असते आणि असे भाग उष्णता व दाब देऊन पक्के करतात. आपण प्लॅस्टिकवर एक पदर चढवतो तो दिसण्यासाठी. तो मुलामा आहे. मुलामा म्हणून तो फार देखणा होतो, आणि मला तेवढं पुरेसं आहे.

‘कुठलंही प्लॅस्टिक चालतं’

पहिलं पाऊल इथेच चुकतं. ट्रिम उलटी करून पाहा. मागच्या बाजूला कोनी कंसात प्लॅस्टिकचं नाव कोरलेलं असतं. एबीएस किंवा पीसी-एबीएस असेल तर उत्तम, इपॉक्सी (या कामाला मी वापरतो ते रेझिन) त्याला छान धरतं. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल, मग त्याच्यापुढे आणखी कितीही अक्षरं असोत, तर थांबा. रेझिन कालवायचे कप बऱ्याचदा याच प्लॅस्टिकचे असतात, कारण पक्कं झालेलं रेझिन त्यातून अलगद सुटून येतं. कपातून जे सुटतं ते ट्रिमवर टिकणार कसं? उन्हाळ्यात एखादा कोपरा उचलला जातो आणि मग सालपट निघावं तसा अख्खा थर हातात येतो. पृष्ठभागावर ज्योत फिरवून किंवा खास प्रायमर लावून चिकटण्याची ताकद वाढवता येते, पण पहिल्यांदाच करणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये.

बोटानं दाबल्यावर दबणारे मऊ पृष्ठभागही सोडून द्या. खाली मऊ आणि वर काचेसारखा कडक थर असला की तडा जाणारच.

प्लॅस्टिक योग्य असलं तरी त्यावर डॅशबोर्ड चमकवायच्या पॉलिशचे थर असतात. त्यात बहुधा सिलिकॉन असतं. रेझिन लावलं की ते अशा जागेवरून मागे सरकतं आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. कितीही वेळा ब्रश फिरवा, खळगा पुन्हा उघडतोच. आधी भांड्याच्या साबणानं धुवायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं आणि त्यानंतर ८० ते १२० नंबरच्या पेपरनं घासून खरखरीत करायचं. क्रम उलटा केला तर घासताना सिलिकॉन ओरखड्यांत जाऊन बसतं.

‘ट्रिम काढायची गरज नाही’

आहे. कापडाची कड पॅनेलच्या मागे वळवावी लागते. नाहीतर ती पुढेच संपते, उसवते आणि बोटांना टोचते. शिवाय घासकाम गाडीत करायचंच नाही. कार्बनमधून वीज वाहते. त्याची बारीक भुकटी खिडकीच्या स्विचमध्ये किंवा स्टीरिओच्या मागच्या जोडणीत गेली तर शॉर्टसर्किट होऊ शकतं. पॅनेल काढताना धातूचा स्क्रू ड्रायव्हर न खुपसता प्लॅस्टिकची पट्टी वापरा, आणि तुटलेल्या क्लिपांसाठी काही क्लिपा आधीच आणून ठेवा.

‘मिळेल ते रेझिन, आणि हार्डनर थोडं जास्त’

या एका वाक्यानं सर्वांत जास्त पॅनेलं खराब केली असतील. त्यात दोन वेगळ्या रेझिनांची सरमिसळ झाली आहे.

पॉलिएस्टर रेझिनमध्ये जे टाकतात ते उत्प्रेरक असतं, साधारण १ ते २ टक्के. दिलेल्या मर्यादेत ते थोडं कमी-जास्त करून वेग बदलता येतो. ‘जास्त घाला’ हा सल्ला तिथून आला आहे. इपॉक्सीचं गणित निराळं. तिथे हार्डनर हा निम्मा संसार आहे. रेझिनच्या रेणूंना हार्डनरचे रेणू ठरलेल्या प्रमाणातच जोडले जातात. जास्तीचं हार्डनर बिनजोडीचं राहतं आणि थर चिकट, मऊ, लोण्यासारखा राहतो. महिनाभर उन्हात ठेवला तरी तो सुधारत नाही. खरवडून काढावा लागतो आणि त्याबरोबर कापडही जातं.

समजा डब्यावर वजनानं १०० ला ३० असं प्रमाण लिहिलंय. छोट्या पॅनेलसाठी ४० ग्रॅम रेझिन घेतलं तर हार्डनर १२ ग्रॅम. अंदाजानं ३ ग्रॅम जास्त पडलं की झाली पाव हिश्शाची चूक. म्हणून ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा लागतोच. वजनाचं प्रमाण आणि मापाचं प्रमाण एक नसतं, तेही पाहा. आणि कालवताना कपाच्या कडा आणि तळ खरवडून घ्या. न मिसळलेलं रेझिन तिथेच दडून बसतं.

काम लवकर व्हावं असं वाटत असेल तर खोली उबदार ठेवा. तापमान १० अंशांनी वाढलं की वेळ साधारण निम्म्यावर येतो. मात्र कालवलेलं रेझिन खोल कपात तसंच ठेवू नका. स्वतःच्याच उष्णतेनं ते तापत जातं, मोठा साठा असेल तर धूर येण्याइतकं. पसरट भांड्यात ओतलं की उष्णता निघून जाते आणि हाताशी वेळ मिळतो.

पॉलिएस्टर का नको? सेट होताना ते इपॉक्सीपेक्षा कितीतरी जास्त आकसतं आणि प्लॅस्टिकवरची पकडही कमी. इपॉक्सीचा दोष म्हणजे ते उन्हानं पिवळं पडतं. त्यामुळे वरच्या थरांसाठी अतिनील किरणांना टिकणारं इपॉक्सी घ्या किंवा शेवटी गाडीच्या रंगावर मारतात तसला दोन घटकांचा क्लिअर लॅकर मारा. काचेखालचा डॅशबोर्ड कडक उन्हात ७० अंशांच्या आसपास तापतो. खोलीच्या तापमानाला सेट झालेलं बरंचसं इपॉक्सी त्याच्या आधीच मऊ पडू लागतं आणि आरशासारख्या पृष्ठभागावर कापडाची वीण उमटते. म्हणून पॅनेल गाडीत बसवण्यापूर्वी रेझिनच्या माहितीपत्रकात दिलेल्या पायऱ्यांनी, हळूहळू, उबेत पक्कं करून घ्यायचं. खालचं प्लॅस्टिक वाकणार नाही एवढीच ऊब.

‘जाड ओता, घासायची गरज नाही’

इथे मला थोडं थांबून सांगायचं आहे, कारण या कामाची सारी मजा इथेच आहे.

आधी काळा रंग मिसळलेल्या इपॉक्सीचा एक थर ब्रशनं लावायचा. मग वाट पाहायची. काही तासांनी ग्लोव्ह घातलेलं बोट टेकवलं की ठसा उमटतो, पण बोटाला काळं लागत नाही. कापड घालायची हीच वेळ. घाई केली तर रेझिन विणीतून वर येतं आणि कापड घसरतं. उशीर केला तर ते धरत नाही. तिरक्या विणीचं, म्हणजे ट्विल कापड घ्या, वळणांवर ते साध्या विणीपेक्षा चांगलं बसतं. नेहमीच्या ३के कापडाच्या एकेका पेडात ३,००० तंतू असतात, प्रत्येक तंतू साधारण ७ मायक्रॉनचा. पेड जरा जोरानं ओढला तरी वीण सरकते, तिरक्या रेषा वाकड्या होतात, आणि त्या वरून कायम दिसत राहतात. मध्यापासून कडेकडे, तळव्यानं दाबत जायचं. ओढायचं नाही.

त्यावर स्वच्छ रेझिनचे पातळ थर. पहिला फक्त कापड भिजवण्यापुरता. त्यावर ताबडतोब बुडबुडे दिसतात, हीट गनची झुळूक लांबून फिरवली की ते फुटतात. तोच थर जाड ओतला तर विणीतली हवा वर यायच्या आत रेझिन सेट होतं. कडांवरून ओघळतं. कोपऱ्यावर पातळ आणि खळग्यात जाड होऊन बसतं.

आणि ते मापात बसत नाही. माझ्या पहिल्या दाराच्या पॅनेलवर मी हेच केलं होतं. स्विचच्या खाचेला दोन्ही बाजूंनी मिलिमीटरभर थर चढला, म्हणजे खाच २ मिलिमीटरनं अरुंद झाली. काच खाली करायचं बटण दाबलं की दाबलेलंच राहायचं. कानशीनं खाच मोकळी करताना काठावरच्या रेझिनचा टवका उडाला आणि दोन दिवसांचं काम गेलं. तेव्हापासून खाचांच्या कडा आधीच कानशीनं थोड्या मोकळ्या करून ठेवतो.

घासणं टळत नाही, कारण ब्रशनं लावलेलं रेझिन कधीच सपाट नसतं. खालच्या विणीचे उंचवटे वर उमटतातच. थर किमान एक रात्र सेट होऊ द्या. हवा गार किंवा दमट असेल तर वर मेणासारखा बुळबुळीत पापुद्रा येतो, तो साध्या पाण्यानं धुऊन काढा. मग लाकडी ठोकळ्यावर २४० चा पेपर गुंडाळून उंचवटे काढायचे, आणि पुढे ४००, ८००, १२००, २००० पर्यंत वॉटर पेपरनं पाण्यासोबत घासत जायचं. पाण्याकडे नजर ठेवा. ते दुधासारखं पांढरं येतंय तोवर फक्त रेझिन घासलं जातंय. पांढऱ्यात करडी-काळी रेघ दिसली की लगेच हात थांबवा: पेपर तंतूंपर्यंत पोहोचला. तिथे कापड कापलं जातं, एक निस्तेज डाग पडतो आणि वर कितीही पॉलिश केलं तरी तो झाकत नाही. असं कोपऱ्यांवर हमखास होतं, म्हणून मी कोपऱ्यांवर ठोकळा नेत नाही, बोटांनी घासतो. अजून खळगे चमकत असतील आणि थर पातळ वाटत असेल तर पुन्हा रेझिन, पुन्हा घासणं.

२००० नंतर पृष्ठभाग राखेसारखा दिसतो. पॉलिशचा पहिला हात फिरला की त्या राखेखालून वीण वर येते आणि पॅनेल हातात तिरकं केलं की पेडांतला उजेड सरकतो. कार्बनची वीण नुसती छापलेल्या चिकट फिल्ममध्ये हे मला कधी दिसलेलं नाही.

मजकुराचा एक घोळ त्या फिल्मचाही आहे. ‘कार्बन फायबर’ म्हणून मिळणारा विनाइलचा चिकटपट्टा एका दिवसात लागतो, त्याला रेझिन लागत नाही, नको झाला तर काढताही येतो. तुम्हाला तेवढंच हवं असेल तर जरूर लावा, त्यात काही कमीपणा नाही. पण ती वेळ वाचून या कामाला बसू नका. इथे साफसफाई, काळा थर आणि कापड यांत पहिला दिवस जातो, थरांना दुसरा, घासण्याला आणि पॉलिशला तिसरा. मधल्या वाट पाहण्याचे वेगळे.

‘घाबरण्यासारखं काही नाही’

घाबरू नका, पण ग्लोव्ह्ज घाला. नायट्राइलचे, पहिल्या थेंबापासून. इपॉक्सी आणि त्याचं हार्डनर यांची त्वचेला ॲलर्जी जडू शकते. दहा वेळा काही होत नाही, अकराव्यांदा हात लाल होतात, आणि एकदा जडलेली ॲलर्जी सहसा सुटत नाही. मग थोडासा संपर्कही पुरतो. हातावर पडलेलं रेझिन थिनरनं पुसू नका, ते त्वचेत आणखी मुरतं. साबण-पाण्यानं धुवा. कोरडं घासताना धूळ गाळणारा मास्क आणि चष्मा हवाच, आणि शक्य तिथे पाण्यासोबतच घासा. कापड कापताना उडालेले तंतू बाहीत शिरले की दिवसभर खाज सुटते.

अँटेनाच्या किंवा वायरलेस चार्जरच्या समोरच्या भागावर हे कापड नको. कार्बन रेडिओलहरी अडवतो.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. मजकुरासोबत फिरणाऱ्या भागांच्या यादीत स्टीअरिंगचा मधला भाग, प्रवाशासमोरचा डॅशबोर्ड आणि काचेशेजारचे खांबही आहेत. त्यांच्यामागे एअरबॅगा असतात. एअरबॅग साधारण ३० मिलिसेकंदांत फुगते आणि तिच्यावरचं प्लॅस्टिक ठरलेल्या रेषेतच फाटावं म्हणून ती रेष आतून मुद्दाम पातळ केलेली असते, बाहेरून बऱ्याचदा दिसतही नाही. त्यावर कार्बन आणि रेझिनचा कडक पदर चढवला तर झाकण उघडायला उशीर होईल, किंवा टोकदार तुकडे सुटून चेहऱ्यावर येतील. डोकं जिथे आदळू शकतं तिथल्या कडा बोथट असाव्यात, असं गाडीच्या आतल्या भागांसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा २१ क्रमांकाचा नियम सांगतो. रेझिनची न घासलेली धार त्याच्या अगदी उलट आहे. आसनांच्या बाहेरच्या कुशींतही एअरबॅगा असू शकतात. गाडीच्या माहितीपुस्तिकेत त्यांच्या जागा दाखवलेल्या असतात, पॅनेल निवडण्याआधी ते पान उघडा. एअरबॅगजवळचं कुठलंही पॅनेल काढायचं असेल तर बॅटरी आधी सोडवा आणि पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा.

उरतं काय? दाराच्या पट्ट्या, गिअरभोवतीची चौकट, कप ठेवायच्या जागेचं झाकण, एसीच्या जाळ्यांभोवतीच्या कडा. मी अजूनही एबीएसच्या सपाट झाकणावरच नवीन रेझिनची परीक्षा घेतो, तीन-चार दिवस बंद गाडीत उन्हात ठेवतो, आणि वीण वर उमटली नाही तरच दाराच्या पट्ट्या सोडवतो.