लिंटर गप्प बसला म्हणजे स्क्रिप्ट शहाणी झाली, असं कुणी सांगितलं?

सोलापुरातल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर ठळक अक्षरात ‘शेल स्क्रिप्टला घाबरू नका’, खाली पाच मुद्दे आणि शेवटी नेहमीचं ‘सर्वांना पाठवा’. लिहिणाऱ्याचा पत्ता नाही. (शेल स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरने एकामागून एक पाळायच्या आज्ञांची फाइल.) एरवी मी असलं काही वाचतही नाही. पण माझी भाची अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात आहे, रात्रीचा बॅकअप तिच्या गळ्यात आहे, आणि तिने हाच मेसेज पाठवून विचारलं, “मामा, शेलचेक एकही चूक दाखवत नाही, मग आजच क्रॉनला लावून टाकू ना?” शेलचेक हा लिंटर, म्हणजे स्क्रिप्ट न चालवता नुसती वाचून चुका दाखवणारा प्रोग्रॅम; क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी ती आपोआप चालवणारी सोय. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीत ऑफिसात चिटपाखरू नसतं, सगळी भिस्त क्रॉनवर. तेव्हा गप्प बसणं शक्य नाही.

आधी दुसरा मुद्दा घेतो, कारण सगळ्यात घातक तोच आहे: ‘सिंटॅक्स एरर असेल तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही, म्हणून नुकसान होत नाही, किरकोळ बदलानंतर पुन्हा तपासायची गरज नाही.’ कुठल्या भाषेबद्दल बोलताय राव? पायथन आधी अख्खी फाइल वाचतं आणि व्याकरण चुकलं असेल तर एकही ओळ चालवत नाही, हे मान्य. शेल स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशचा कारभार वेगळा. ते एक आज्ञा वाचतं, चालवतं, मग पुढची वाचतं. चूक तळाशी असेल तर वरचं सगळं तोवर होऊन गेलेलं असतं. मागावर धागा तुटला म्हणून आधी विणलेलं कापड उसवतं का?

बॅकअपचंच बघा. पहिल्या ओळीत ‘आरएम’ने जुने बॅकअप उडवले. खाली ‘इफ’: बाहेरची डिस्क जोडलेली असेल तर ‘टार’ने नवा बॅकअप घे. कुणीतरी मध्ये दोन ओळी घालताना ‘इफ’ बंद करणारा शेवटचा ‘फाय’ खोडला गेला. रात्री काय होणार? जुने बॅकअप जाणार. मग बॅश ‘इफ’ वाचायला घेणार, ‘फाय’ शोधत फाइलच्या टोकाला पोचणार आणि तिथे ‘फाइल अनपेक्षितपणे संपली’ म्हणून हात वर करणार. जुनं गेलं, नवं झालंच नाही. ‘बॅश -एन’ (न चालवता नुसतं व्याकरण तपासणं) किंवा शेलचेक ही चूक क्षणात पकडतात, पण मेसेजवाल्याने पुन्हा तपासायलाच मनाई केली आहे ना!

यावर उपाय सोपा आहे. सगळं काम ‘मेन’ नावाच्या एका फंक्शनात, म्हणजे नाव दिलेल्या आज्ञांच्या गठ्ठ्यात घाला आणि अगदी शेवटच्या ओळीत ते फंक्शन बोलवा. फंक्शन पूर्ण वाचून झाल्याशिवाय बॅशला त्यातलं काही चालवता येत नाही, त्यामुळे ‘फाय’ राहिलाच तर निदान ‘आरएम’ही चालत नाही. आणि स्क्रिप्ट चालू असताना तीच फाइल उघडून त्यात बदल करू नका. बॅश ती चालवता चालवताच वाचत असतं.

आता पहिला मुद्दा: ‘लिंटरने शून्य चुका दाखवल्या की टेस्टिंगची गरज नाही.’ बॅशचं मॅन्युअल उघडा. ‘-एन’ पर्यायापुढे स्वच्छ लिहिलंय: आज्ञा वाचायच्या, पण चालवायच्या नाहीत. शेलचेक याच्या खूप पुढे जातो, पण तोही वाचणाराच. भाचीच्या स्क्रिप्टमध्ये एका फोल्डरची प्रत दुसरीकडे करणारी ‘आरसिंक’ आज्ञा आहे, मुळात नसेल ते प्रतीतून पुसणाऱ्या ‘--डिलीट’सकट. त्यातल्या दोन पत्त्यांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क ही मूळ प्रत ठरेल आणि कारखान्याचा डेटा तिच्याबरहुकूम पुसला जाईल. व्याकरण चोख, शेलचेक गप्प. खरा फोल्डर कुठला हे त्याला कसं कळणार? ‘--ड्राय-रन’ (खरं काही न करता नुसती रंगीत तालीम) लावून काय काय पुसलं जाणार आहे ती यादी डोळ्यांनी बघावी लागते. टेस्टिंग म्हणतात ते हेच.

दुसरी गंमत क्रॉनची. स्क्रिप्टच्या डोक्यावर बॅश लिहिलंय, म्हणून अट तपासायच्या बॅशच्या `[[` ला शेलचेक हरकत घेत नाही. पण क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकात, कुणी ‘एसएच’ लिहून ती चालवली, तर उबुंटू लिनक्सवर ती डॅश नावाच्या दुसऱ्याच शेलकडे जाते. तिथे २००६ पासून ‘एसएच’ म्हणजे डॅश. डॅशला `[[` नावाची आज्ञाच सापडत नाही, अट खोटी ठरते आणि गाडी निमूट ‘एल्स’मध्ये शिरते. क्रॉनटॅब शेलचेकला दिसतच नाही.

अर्धं खरं आहे ते मान्य करतो. शेलचेक वापरायलाच हवा. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमांच्या ॲपच्या स्क्रिप्टने काही लोकांच्या फाइली साफ केल्या. फोल्डर हलवला होता, व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि पुसायचा पत्ता उरला नुसता `/*`. ‘आरएम’ एकट्या `/` ला, म्हणजे सगळ्या फाइलींच्या मुळाला, नकार देतं, पण `*` या चांदणीच्या जागी त्यातल्या सगळ्या फोल्डरांची नावं आधीच आलेली असल्यामुळे इथे तो नकार कामाला आला नाही. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्यानेच ‘भीतीदायक!’ अशी टीप टाकून ठेवली होती. व्याकरणात खोट नव्हती, ‘बॅश -एन’ काही बोललं नसतं. आज शेलचेक अशा ओळीवर इशारा देतो. देतो, पण मेसेजचा चौथा मुद्दा म्हणतो की पिवळे इशारे बंद करून टाका!

तिसऱ्या मुद्द्यावर फार बोलत नाही. ‘एररमध्ये जी ओळ दाखवतात तिथेच चूक असते’ म्हणे. वरच्या उदाहरणात बॅश फाइलची शेवटची ओळ दाखवेल, ‘फाय’ भले दुसरीकडेच राहिलेला असो. पाचवा, ‘आता शेल शिकायची गरज नाही’ हा, सोडून देतो.

मेसेजच्या तळाशी एक नमुना स्क्रिप्टही आहे, मोबाइलवर टाइप केलेली, वाकड्या अवतरणचिन्हांची. बॅशला ती चिन्हं साधी अक्षरं वाटतात, म्हणजे ती फाइलच्या नावातच जाऊन बसतात आणि ‘बॅश -एन’ काही म्हणत नाही. ती शेलचेकमध्ये टाकून बघा, त्याच चिन्हांवर तो बोट ठेवतो. मेसेज लिहिणाऱ्याने आपलाच नमुना आपल्याच लाडक्या टूलमध्ये एकदाही घातलेला नाही.