मावशीची सिरिंज आणि गॅमा किरणांचा फॉरवर्ड

रविवारी मावशीकडे गेलो तर तिची साखर ३८० वर होती. तीन दिवस इन्सुलिन घेतलंच नव्हतं. का, म्हणून विचारलं तर तिनं मोबाइलच पुढे केला. भिशीच्या ग्रुपवरचा मेसेज: सिरिंज आणि सलाइनच्या नळ्या गॅमा किरणांनी भाजतात, ते प्लास्टिक कायमचं किरणोत्सर्गी होतं, मग दवाखान्यातलं तेच भंगार पुन्हा गॅमा मारून वितळवतात आणि त्याच्या बादल्या-डबे करतात, परदेशात याला बंदी आहे, दिल्लीच्या मायापुरीत याच भंगारानं माणूस मेला. दहा जणांना पाठवा.

आधी डॉक्टरांना फोन लावून तिला इन्सुलिन घ्यायला लावलं. मी सतरा वर्षं भोसरीत इंजेक्शन मोल्डिंगच्या मशिनवर काढली आहेत, दिवसभर हातात प्लास्टिकचा दाणाच असतो. त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

पहिलं आणि सगळ्यात घातक वाक्य: 'प्लास्टिक किरणोत्सर्गी होतं'. साफ खोटं. निर्जंतुकीकरणाचे गॅमा किरण कोबाल्ट-६० मधून येतात. त्यांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. एखादी वस्तू स्वतः किरणोत्सर्गी व्हायची तर तिच्या अणूंच्या केंद्रकात मोडतोड व्हावी लागते. सिरिंजचं प्लास्टिक म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. कार्बनच्या केंद्रकातून एक न्यूट्रॉन उपटायला १८.७ दशलक्ष लागतात. हायड्रोजनमध्ये जो किंचित जड हायड्रोजन असतो, तोसुद्धा २.२ मागतो. कोबाल्टच्या किरणाचा हात तिथवर पोचतच नाही. तो केंद्रकाबाहेरचे इलेक्ट्रॉन उडवतो, रेणूंच्या साखळ्या तोडतो किंवा जोडतो. जंतू मरतात तेही त्यांच्या डीएनएची साखळी तुटते म्हणून. कोबाल्ट पाण्याच्या टाकीत उतरवला की किरण थांबले, खोक्यात काही शिल्लक राहत नाही. छातीचा एक्स-रे काढून आलेल्या आजोबांच्या मांडीवर नातवाला बसवायला आपण घाबरतो का?

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं हाच प्रश्न अन्नाच्या बाबतीत तपासून २००२ साली अहवाल काढला. कोबाल्टच्या गॅमा किरणांचा ६० किलोग्रेपर्यंतचा (किलोग्रे हे किरणांच्या डोसाचं माप) डोस दिलेलं अन्न खाल्ल्यानं वाढणारा किरणोत्सर्ग शून्यच धरावा, असं त्यात म्हटलं आहे. अन्न आपण खातो, पचवतो. सिरिंजला मिळणारा नेहमीचा डोस आहे २५ किलोग्रे.

'भाजतात' हेही तसलंच. २५ किलोग्रे म्हणजे किलोमागे २५ हजार ज्यूल. एवढ्या उष्णतेनं एक लिटर पाणी जेमतेम सहा अंशांनी तापेल. आमच्या मशिनच्या बॅरलमध्ये पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे सिरिंजचं प्लास्टिक, दोनशे अंशांच्या वर तापवतो तेव्हा कुठे ते साच्यात वाहतं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. गॅमानं प्लास्टिक बदलतं, आणि काही प्लास्टिक बिघडतं. साधं पॉलिप्रॉपिलीन पिवळं पडतं, ठिसूळ होतं, आणि आत अडकलेल्या मुक्त मूलकांमुळे, म्हणजे रेणूंच्या तुटक्या, चटकन प्रतिक्रिया करणाऱ्या तुकड्यांमुळे, हे बिघडणं नंतर महिनोन्‌महिने चालू राहतं. म्हणून सिरिंजसाठी वेगळे स्थिरक (बिघाड थोपवणारी रसायनं) घातलेला, गॅमा सोसणारा दाणा येतो. पॉलिथिलीनचं उलटं: त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. कृत्रिम खुब्याच्या सांध्यात दोन्ही बाजू दिसल्या. पूर्वी हवेत गॅमा दिलेल्या पॉलिथिलीनच्या वाट्या ऑक्सिजननं खराब होऊन सोलवटायच्या. पुढे ऑक्सिजन दूर ठेवून, जास्त डोस देऊन, मग उष्णता देऊन केलेल्या वाट्या कितीतरी कमी झिजू लागल्या. म्हणजे प्रश्न ताकदीचा आहे, किरणोत्सर्गाचा नाही.

आता बादल्या. दवाखान्यातलं प्लास्टिक पुन्हा वापरात येतं, हे खरं. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते लाल पिशवीत जातं, वाफेच्या दाबाखाली किंवा मायक्रोवेव्हनं निर्जंतुक होतं, त्याचे तुकडे होतात आणि मग ते परवानाधारकाकडे जातं. त्यात गॅमा कुठेच नाही. आणि 'गॅमा मारून वितळवतात' हे तर आमच्या धंद्यातलं पोरही हसण्यावारी नेईल. पॉलिथिलीनला भरपूर गॅमा दिला तर त्याचं जाळं होतं. ते तापवलं की रबरासारखं मऊ पडतं, पण वाहत नाही. साच्यात भरणार कसं? रिप्रोसेसचं पॉलिप्रॉपिलीन आधीच एक-दोनदा तापून गेलेलं असतं, त्यातले स्थिरक खर्ची पडलेले असतात. त्याला गॅमा दिला तर ते आणखी लवकर तुटतं. बादलीवाला रुपया-रुपयाला दाणा घासाघीस करून घेतो. माल बिघडवायला तो पैसे का मोजेल?

मिसळलेल्या भंगारासाठी गॅमाचा उपयोग शोधला जातोय, तो वेगळ्याच कारणानं. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन एकत्र वितळवले तरी तेल-पाण्यासारखे अलग राहतात, वस्तू त्या शिवेवर फुटते. मोजका डोस आणि सोबत योग्य रसायन दिलं तर शिवेवर बंध तयार होतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं २०२१ पासून 'न्यूटेक प्लास्टिक्स' या उपक्रमात असल्या कामाला हात घातला आहे.

परदेशात बंदी? गॅमा निर्जंतुकीकरणाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १११३७. आपल्याकडे ट्रॉम्बेत आयसोमेड हा निर्जंतुकीकरण प्रकल्प १९७४ पासून हेच काम करतंय.

मायापुरीत माणूस गेला, ते खरं, एप्रिल २०१० मध्ये. पण तिथे प्लास्टिकचा संबंध नव्हता. दिल्ली विद्यापीठातलं १९८५ पासून बंद पडलेलं गॅमा यंत्र लिलावात भंगारवाल्याकडे गेलं, त्याचं शिशाचं कवच काढलं गेलं आणि आतला कोबाल्टच लोकांच्या हातात आला. दिवा हातात धरणं आणि दिव्याच्या उजेडात वस्तू ठेवणं, यातला हा फरक. ज्यानं मेसेज लिहिला त्यानं एका गरीब कामगाराचा मृत्यू खोट्याला टेकू म्हणून वापरला, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

निघण्याआधी मावशीच्या सिरिंजचं पाकीट चष्मा लावून तिच्यासमोर पाहिलं. 'स्टराइल' शब्दाशेजारच्या चौकटीत गॅमा असेल तर 'आर' असतं. तिच्या पाकिटावर 'ईओ' होतं, म्हणजे इथिलीन ऑक्साइड वायू. ती सिरिंज गॅमा किरणांसमोर गेलीच नव्हती. "मग 'आर' असलेली मिळाली तर?" तिनं विचारलं. म्हटलं, तीही बिनधास्त घे, फक्त तारीख उलटलेली नको आणि पाकीट फाटलेलं नको.