'अमूर्त' म्हणा आणि पुढे सरका

चित्रप्रदर्शनाला जाताना चष्मा घरी राहिला तरी चालेल, 'अमूर्त' हा शब्द मात्र आठवणीने बरोबर घ्या. समोरच्या चित्रात घोडा, बाई, होडी यांपैकी काहीच सापडलं नाही, की दोन पावलं मागे सरायचं, मान जराशी तिरकी करायची आणि सावकाश म्हणायचं, "अमूर्त आहे." विषय संपला. चित्र बघायची जबाबदारी आता तुमच्यावर नाही.

अमूर्त म्हणजे नक्की काय, असं एखादा खवचट विचारेलही. तिथे फसू नका. डच चित्रकार मोंद्रिआन आधी झाडं काढायचा; फांद्यांच्या रेषा होत गेल्या आणि पुढे झाड गेलं, आडव्या-उभ्या रेषा तेवढ्या राहिल्या. रशियन चित्रकार मालेविचने १९१५ साली प्रदर्शनात मांडलेला काळा चौकोन मात्र कशातूनही उरलेला नव्हता, तो चौकोनच होता. आपल्या वासुदेव गायतोंडेंना तर स्वतःच्या चित्रांसाठी 'ॲबस्ट्रॅक्ट', म्हणजे अमूर्त, हा शब्द पसंतच नव्हता. ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत, म्हणजे ज्यात मुळात कुठली वस्तूच नाही असं. रोलरने रंगाचा थर द्यायचा, पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या सुरीने, तो खरवडून काढायचा, पुन्हा द्यायचा, असं त्यांचं काम. हे सगळे फरक एका शब्दात कोंबता येत असताना उगाच डोकं कशाला शिणवायचं? शिवाय फरक शोधायचा तर चित्रासमोर उभं राहावं लागतं. आणि पाचेक मिनिटं उभं राहिलं की वरच्या पिवळ्याखालून तांबडा दिसायला लागतो, कडेचा करडा पुढे येतो. नसती आफत.

चित्र उलटं टांगलंय का, ही शंका मनात आली तर गिळून टाका. मोंद्रिआनचं १९४१ सालचं 'न्यूयॉर्क सिटी १', रंगीत चिकटपट्ट्यांचं, जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात कित्येक वर्षं बहुधा उलटंच टांगलेलं आहे, असं २०२२ साली तिथल्याच तज्ज्ञांच्या लक्षात आलं. सुलट केलं तर पट्ट्या सुटतील, म्हणून ते तसंच ठेवलं. तज्ज्ञांनी एवढा संयम दाखवला, मग तुम्हीच घाई का करता?

"हे तर माझा मुलगाही काढेल" हे वाक्य जरूर वापरा, कुठेही खपतं. फक्त त्या मुलाला खरोखर कागद आणि रंग देऊन बसवू नका. तो दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि कौलारू घर काढून मोकळा होईल, आणि मग तुमची पंचाईत.