बेनकाका ते वाक्य बोललेच नव्हते

‘मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारीही येते’ हे वाक्य स्पायडर-मॅनच्या बेनकाकांचे आहे, असे मी कित्येक वर्षे ठामपणे सांगत आलो आणि एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात तर काकांच्या नावानिशी ते ऐकवून टाळ्याही घेतल्या. अलीकडे ‘अमेझिंग फँटसी’ या अमेरिकी कॉमिक्स मासिकाच्या १५व्या अंकाचे, म्हणजे ज्या अंकात स्पायडर-मॅन पहिल्यांदा अवतरला त्या ऑगस्ट १९६२च्या अंकाचे, हुबेहूब पुनर्मुद्रण हाती आले. ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले, तेव्हा त्या टाळ्या परत कराव्यात असे वाटले.

काका हे वाक्य बोलतच नाहीत. अंकात त्यांच्या वाट्याला जेमतेम काही चौकटी आल्या आहेत. सकाळी पुतण्या पीटरला, म्हणजे पुढच्या स्पायडर-मॅनला, शाळेसाठी उठवायचे आणि मे काकू गव्हाचे पॅनकेक वाढू लागल्या की, ‘त्याला फार खाऊ घालू नकोस, आत्ताच तो मला कुस्तीत आवरत नाही,’ अशी थट्टा करायची, एवढेच त्यांचे काम. कोळ्याच्या चाव्याने अचाट शक्ती मिळाल्यावर हाच मुलगा शंभर डॉलरच्या पैजेसाठी खऱ्याखुऱ्या कुस्तीगिराला सहज उचलतो, तेव्हा ती थट्टा आठवून हसू येते. काकांचा मृत्यूही चित्रात कोठे दिसत नाही. पीटर घरी येतो, दारात पोलीस उभा असतो आणि तो बातमी सांगतो. ना अखेरचा श्वास, ना उशाशी बसून केलेला उपदेश.

ते प्रसिद्ध वाक्य येते ते कथेच्या अगदी शेवटच्या चौकटीत. रात्रीच्या अंधारात एक सडपातळ आकृती दूर चालली आहे आणि निवेदक सांगतो की, या जगात मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारीही यायलाच हवी याची जाणीव त्या आकृतीला अखेर झाली आहे. ‘अखेर’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे हे वाक्य हळूहळू काकांच्या तोंडी गेले आणि २००२च्या चित्रपटात तर काका गाडीत बसून पुतण्याला ते समोरासमोर ऐकवतात. एकदा तसे झाले की पीटरचा गुन्हा वडीलधाऱ्यांचे न ऐकण्याचा ठरतो. मूळ अंकात त्याला कोणीही काहीही शिकवलेले नाही. त्याला जे कळते ते काका गेल्यानंतर, आणि तेही त्याचे त्यालाच.

इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ (इंग्रजीतला फँटम) मराठीत वाचून वाढलेल्या माझ्यासारख्याला हा फरक विशेष जाणवतो. वेताळ घराण्यातला एकविसावा. कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, त्यामुळे कर्तव्य त्याला वारशातच मिळते. पीटर पार्करला वारसा कसलाच नाही. काका-काकूंनी कौतुकाने मायक्रोस्कोप आणून दिल्यावर तो मनाशी ठरवतो की, यांना मी कायम सुखात ठेवीन, बाकीच्या जगाचे काहीही होवो. तो वाईट मुलगा नाही. त्याचे चांगुलपण घराच्या उंबरठ्याशी संपते, इतकेच. (आपल्यापैकी बहुतेकांचे कोठे संपते, हे मी विचारणार नाही.) त्यामुळे पळणाऱ्या चोराला नुसता पाय आडवा घालून पाडण्याचेही तो टाळतो, ते तुझे काम असे पोलिसाला सुनावतो, आणि तोच चोर नेमक्या त्या उंबरठ्याच्या आत शिरून काकांचा जीव घेतो.

हा शेवट इतका अचूक का बसला, याचे उत्तर मला अंकातल्या उरलेल्या तीन कथांमध्ये सापडले. या अंकाबद्दल बोलणारे बहुतेक जण स्पायडर-मॅनच्या अकरा पानांवरच थांबतात. ज्वालामुखी जागा झाल्यावर सारे बेट रिकामे होते, पण म्हातारा घंटावाला आपली घंटा सोडून जात नाही. अखेर लाव्हा पोहोचण्याआधी आकाशातून उतरलेला प्रकाश त्याला वर नेतो. पोलिसांपासून पळणारा एक चोर संग्रहालयातल्या ममीच्या पेटीत लपतो आणि बाहेर येतो तो थेट प्राचीन इजिप्तच्या गुलामगिरीत. मंगळावरचे लोक आसपास लपले आहेत म्हणून नवरा बायकोला घराबाहेर पडू नकोस असे बजावतो, ती पडते आणि पकडली जाते. शेवटी कळते की मंगळावरचे लोक म्हणजे हेच जोडपे. पहिली कथा मला भाबडी वाटली, दुसरी बेताची. तिसरी मात्र आजही चपखल आहे. चारही कथांचे चित्रकार स्टीव्ह डिटको आणि संपादक स्टॅन ली. या मासिकाचा सगळा जीवच शेवटच्या चौकटीतल्या कलाटणीवर होता. स्पायडर-मॅनची कथाही त्याच साच्यातली आहे: माणूस चूक करतो, नियती हिशेब चुकता करते, आणि चोराचा चेहरा दिसताच कलाटणी पूर्ण होते. एरवी अशी कथा तेथेच संपली असती. इथे फक्त ज्याला शिक्षा झाली तो माणूस पुढच्या महिन्यांतही जगत राहणार होता, आणि तेच नवे होते. गंमत म्हणजे मासिक मात्र याच अंकावर बंद पडले; स्पायडर-मॅनला स्वतःचा अंक मिळाला तो मार्च १९६३च्या तारखेचा.

मुंबईत वाढणाऱ्या पवित्र प्रभाकरला घेऊन २००४मध्ये निघालेली स्पायडर-मॅनची भारतीय आवृत्ती मी उत्सुकतेने वाचली होती. तिच्यात त्याला शक्ती देतो एक योगी. धोतर आणि मुंबईच्या गल्ल्या मला आवडल्या, पण अपघाताचे वरदान झाले आणि वरदानासोबत हेतूही आयता आला, हे मला आजही खटकते. प्रयोगशाळेतल्या कोळ्याला पीटरकडून काहीच नको होते.

बारा सेंट किमतीच्या या अंकाची एक उत्तम अवस्थेतली प्रत २०२१मध्ये ३६ लाख डॉलरला विकली गेली. अशा प्रती प्लॅस्टिकच्या कवचात कायमच्या बंद असतात. कवच फोडले की प्रतीच्या अवस्थेची तज्ज्ञांनी ठरवलेली प्रतवारी गेली, म्हणजे मालकालाही त्या वाचता येत नाहीत. याउलट डिटकोंच्या हातची मूळ चोवीस पाने २००८मध्ये कोणीतरी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. पीटर गाडीखाली येता येता वाचतो त्या चित्रासाठी ली यांनी डिटकोंना लिहिलेली सूचनाही त्या पानांवर आहे: गाडी बंद छपराची काढ, हात बाहेर लोंबू देऊ नकोस, बेफाम चालवत आहेत असे वाटता कामा नये. ज्याने ती पाने दिली, त्याने आपले नाव जाहीर होऊ दिले नाही.