चिवड्याच्या डब्यातली हवा

मोटारसायकलचं इंजिन बसवलेली चारचाकी मी घरी बनवतोय, हे आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "अरे, मग मोटारसायकलच घ्यायची ना!" इंग्लंडात गाड्यांच्याच धंद्यात नोकरी करून माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

हा रोग मूळचा इथलाच. 1957 साली कॉलिन चॅपमन यांनी आपल्या लोटस कंपनीची सेव्हन ही छोटी गाडी काढली. बोडकी, हलकी आणि सुटे भाग आणून घरी जोडता येणारी. घरी जोडली की त्या काळी खरेदीवरचा कर वाचायचा. कर वाचतो म्हटल्यावर मराठी माणसाला आणखी काय सांगावं लागतं? तो कर कधीच गेला, गाडीची जात मात्र राहिली. माझ्या गॅरेजात तिचीच एक गरीब नक्कल उभी आहे, वजन जेमतेम पाचशे किलो आणि पोटात 1998 च्या यामाहा आर-वनचं 998 सीसीचं इंजिन. मोटारसायकलला रिव्हर्स गिअर नसतो, त्यामुळे हिलाही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चेसिस झाली, इंजिन बसलं, आणि मला वाटलं आता संपलंच. राहिला होता फक्त एअरबॉक्स, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारा रिकामा डबा. त्या रिकामेपणाने माझे अकरा महिने खाल्ले.

मोटारसायकलवर हा डबा टाकीखाली दडलेला असतो. गाडीत तिथे बॉनेट येतं. मूळचा डबा बसवून पाहिला, तर बॉनेट चार बोटं उघडंच राहिलं, झोपेत तोंड उघडं पडलेल्या माणसासारखं. मग डबा काढून चारही कार्ब्युरेटरना, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भांड्यांना, स्पंजचे फिल्टर घातले, मोज्यांसारखे. दिसायला झकास. सहा हजार आरपीएमला, म्हणजे मिनिटाला सहा हजार फेऱ्यांना, गाडी मिसिंग मारायला लागली. या जातीच्या कार्ब्युरेटरमधली स्लाइड हवेच्या दाबातल्या फरकावर वरखाली होते. तिला शांत, एकसारख्या दाबाची हवा लागते. पंख्याचा वारा आणि एक्झॉस्टची धग मिळून तिच्याभोवती आठवडी बाजार भरला होता. त्यात हवा तीन अंशांनी तापली की एक टक्का विरळ होते, म्हणजे तिथेही घाटा.

आणि लागते तरी किती? दहा हजार आरपीएमला हे इंजिन मिनिटाला साधारण पाच हजार लिटर हवा ओढतं. स्वस्थ बसलेल्या माणसाला सातेक लिटर पुरते. म्हणजे बॉनेटखाली सातशे माणसांची पंगत बसवायची होती आणि जागा होती बुटांच्या खोक्याएवढी.

तेवढ्या मापाचा एक डबा घरात होता. चौकोनी, प्लास्टिकचा, आठ लिटरचा, सासूबाईंनी पुण्याहून भरून पाठवलेला. बुडाला का कोण जाणे, कमळाचा ठसा. बायको कामावर गेल्यावर चिवडा पिशवीत ओतला, डबा धुतला, बाजूला फिल्टरसाठी भोक पाडलं आणि उपडा करून कार्ब्युरेटरवर बसवला. स्टार्टर दाबणार तेवढ्यात, का सुचलं देव जाणे, टॉर्च मारून आत बघितलं. कोपऱ्यात एक शेंगदाणा! मीठ-हळद लागलेला, खरपूस. तोही फिल्टरच्या आतल्या बाजूला, जिथून पुढे थेट व्हॉल्व्हच. इंजिनाच्या तोंडी तो जायच्या आत मी त्याला माझ्या तोंडी घातला.

इंजिन सुरू झालं. मिसिंग गेलं! पण डब्याच्या सपाट भिंती प्रत्येक श्वासाला आतबाहेर व्हायला लागल्या आणि गॅरेजात ताशा वाजायला लागला. भिंती जाड हव्यात, म्हणजे फायबर ग्लास.

साचा थर्माकोलचा करायचं ठरवलं. लहानपणी मी गणपतीची मखरं कोरलेली आहेत, आमच्या गल्लीत हात धरणारा नव्हता. दोन रविवार खपून असा साचा कोरला की आरती करावी. त्यावर फायबर ग्लासला घट्ट करणारं रेझिन ओतलं. हे रेझिन थर्माकोल खातं, हे मला तेव्हा कळलं. डोळ्यांदेखत साचा खचत, आक्रसत गेला, आणि मागे उरला हिरवट चिकट खड्डा. विसर्जनसुद्धा इतकं झटपट होत नाही.

शेवटी पुन्हा डबाच कामाला आला. या प्लास्टिकला रेझिन चिकटत नाही. भोकाला चिकटपट्टी लावली, आतून मेण फासलं, फायबरचे चार थर दिले. फेब्रुवारीतल्या गॅरेजात रेझिन काही सुकेना. मग एका रात्री गुपचूप घरात, हीटरशेजारी. सकाळी सगळ्या घराला नेलपॉलिशसारखा वास. "काय सांडलं रे?" बायकोने विचारलं. मी शिंकलो.

सरकारी तपासणीत बाहेर आलेल्या कडांना निदान 2.5 मिलिमीटरची गोलाई लागते, म्हणून बॉनेटमधून वर आलेला भाग घासून घासून गोल केला. नळ्यांच्या सांध्यांवर कार्ब क्लीनर फवारून कुठे हवा घेत नाही ना, ते तपासलं. आरपीएम हललं नाही, म्हणजे गळती नाही. काल गाडी पहिल्यांदा स्वतःच्या दमावर गॅरेजातून फाटकापर्यंत गेली. वीस फूट. पण काय हुंकार!

परत आत न्यायला ढकलावीच लागते. शेजारचे आजोबा मागून मार्गदर्शन करत होते, बायको आणि मी पुढून ढकलत होतो. मध्येच तिचे हात थांबले. ती बॉनेटमधून वर आलेल्या त्या टेंगळाकडे वाकून बघत होती.

"हे कमळ कसलं रे?"

"लोटस," मी म्हणालो. "परंपरा आहे त्यांची. ढकल, ढकल."