पट्टी मारून देतो, काका

कोकणात बागायतदाराच्या घरी नारळ सोलायला पारय असते, आंबे काढायला झेला असतो आणि ३ जून २०२० नंतर बऱ्याच घरांत एक कटरही असतो. निसर्ग वादळाने त्या दिवशी दापोली-श्रीवर्धन पट्ट्यात आजोबांच्या वेळची कलमं आडवी केली. मग ज्यांनी जन्मात कोयतीपलीकडे हत्यार धरलं नव्हतं, त्यांनीही पेट्रोलवर चालणारी करवत घेतली. दुकानदार तिला चेनसॉ म्हणतो, गाव कटर म्हणतं. झाडं कापायला ती वर्षातून चार दिवस लागते. उरलेलं वर्ष ती दुरुस्तीला असते.

मशीनच्या पुढे, बार (ज्याच्या कडेने चेन फिरते ते लांब पातं) बसतो त्याच्या बुडाशी लोखंडी दात असतात. ते खोडात रुतवून मशीन अलगद फिरवायचं. आमचा गडी त्याची पहार करतो. परवा दात शाबूत राहिले आणि ते ज्या कानावर बसतात तो कान तुटला. शेजारून बारीक भेग गेली ती थेट बार धरून ठेवणाऱ्या स्टडपर्यंत, म्हणजे त्या बिनडोक्याच्या बोल्टपर्यंत, आणि स्टडचे आटेही गेले.

वस्तू मोडली की आमच्याकडे बघायला माणसं जमतात, आणि त्यांत शेजारचे अण्णा पहिले. अण्णांचा लोखंडावर अढळ विश्वास आहे. गोठ्याचं दार, अंगणातली खुर्ची, दूरदर्शनच्या काळातला अँटेना, सगळ्यांना त्यांनी एकच औषध दिलंय. "पट्टी मार. आयुष्यभर बघायला नको."

नाक्यावरचा वेल्डरही त्याच पंथाचा. "अ‍ॅल्युमिनियम दिसतंय," म्हणत त्याने तुटका कान ग्राइंडरला लावला. खाली जमलेल्या भुश्शावर ठिणगी पडली मात्र, असा लख्ख पांढरा भडका उडाला की रस्त्यापलीकडचा चहावाला कपबशा टाकून बाहेर आला. एक पोरगा पाण्याची बादली घेऊन धावला. त्याला मी ज्या आवाजात थांबवलं, तो आवाज माझ्यात आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. ते मॅग्नेशियम होतं. फटाक्यांत पांढऱ्या उजेडासाठी त्याचीच पूड घालतात, आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी पडलं की हायड्रोजन सुटून आग आणखी भडकते. बांधकामाची कोरडी वाळू जवळच होती, म्हणून भागलं. तुटक्या तुकड्यावर आधी लिंबू पिळलं असतं तरी कळलं असतं. मॅग्नेशियम फसफसतं, अ‍ॅल्युमिनियम ढिम्म राहतं.

कटरचं पोट बहुधा या धातूचंच ओतलेलं असतं, कारण ते लोखंडाच्या पाव वजनाचंसुद्धा नाही. दिवसभर हातात धरायचं यंत्र हलकं नको का? "हलकं म्हणजेच तकलादू," अण्णांनी निकाल दिला.

अखेर लोट्याच्या एमआयडीसीत एक आर्गनवाला, म्हणजे आर्गन वायूच्या आडोशाने वेल्डिंग करणारा, सापडला. हा माणूस बोलतच नाही. त्याने इंजिन पूर्ण उघडायला लावलं, बेअरिंगं, सीलं सगळी बाहेर. भेगेत मुरलेलं, पेट्रोलात मिसळायचं टू-टीचं तेल धुऊन काढलं, नाहीतर वेल्डिंगला बुडबुडे धरतात. मग भेगेच्या टोकाला एक बारीक भोक मारलं. आधीच फाटलंय त्याला हा आणखी भोक पाडतो, म्हणून माझा जीव वर गेला. पण भेगेचा सगळा जोर तिच्या अणकुचीदार टोकावर असतो. टोक गोल झालं की ती तिथेच थबकते. वेल्डिंगची सळईसुद्धा मॅग्नेशियमची. स्टडच्या भोकात आटे मोठे पाडून त्याने पोलादी तारेचं वेटोळं, म्हणजे हेलिकॉइल, बसवलं. मऊ धातूतल्या मूळ आट्यांपेक्षा ते जास्त टिकतं. बिल ऐकून मीही बोलेनासा झालो.

मशीन घरी आलं. पहिल्या दोरीला सुरू झालं. इथे विषय संपायला हवा होता, पण अण्णांना तो वेल्डिंगचा रेघोट्या-रेघोट्यांचा टाका नागडा वाटला. मी बाजारात गेलो असताना त्यांनी त्यावर भक्कम लोखंडी पट्टी बोल्ट मारून बसवली. तिच्याखाली चेन ताणायचा स्क्रू झाकला गेला. आता चेन सैल पडली की आधी अण्णांना बोलवायचं, मग पट्टी काढायची, मग चेन.

पावसाळा गेला तशी पट्टीच्या कडेने पांढरी भुकटी दिसू लागली. खारी हवा, एकाला एक लागून लोखंड आणि मॅग्नेशियम, म्हणजे मॅग्नेशियम झिजणारच. मी अण्णांना हे बॅटरीच्या सेलपासून सुरुवात करून समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं, भुकटी नखाने खरवडून पाहिली, आणि म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, पट्टी लहान पडली. अँगल लावू."