खुंटावरचा घरजावई

एरियोकार्पस बियांपासून वाढवायचा तर माणूस संत तरी हवा, नाहीतर विसराळू तरी. हा मेक्सिकोतला कॅक्टस जमिनीसरसा बसून राहतो. दोन वर्षं जपलेलं रोप सेंटिमीटर गाठेलच असं नाही, आणि फुलासाठी दशकभर ताटकळावं लागलं तरी दाद मागायची सोय नाही. मी संत नाही. विसराळू आहे, पण गॅस बंद केला का, एवढ्यापुरताच; रोपाची आठवण मला दिवसातून चारदा होते. तेव्हा कलमाला पर्याय नव्हता.

युक्ती ऐकायला सोपी. काही आठवड्यांचं, तीन-चार मिलिमीटरचं रोप मुळापासून कापायचं आणि पेरेस्किऑप्सिस नावाच्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या दुसऱ्या झाडाच्या कापलेल्या दांड्यावर, बसवायचं. हा पेरेस्किऑप्सिसही कॅक्टसच, पण त्याला चक्क पानं असतात. त्याला पाणी हवं, खत हवं आणि तो झपाट्याने वाढतो. म्हणजे कॅक्टस पाळणाऱ्याला ज्या सवयी सोडायला सांगतात, त्या सगळ्या याच्यासाठी पुन्हा लावून घ्यायच्या.

पानांच्या बगलेत त्याला बारीक कुसळं असतात. म्हणीतलं कुसळ निदान दुसऱ्याच्या डोळ्यात असतं आणि लांबून दिसतं तरी. हे माझ्याच बोटात शिरतं, उलट्या दातांमुळे बाहेर यायला तयार नसतं आणि भिंगाखालीही सापडत नाही. सापडतं ते रात्री, पांघरूण ओढताना.

आता शस्त्रक्रिया. नवं ब्लेड स्पिरिटने पुसायचं, पंखा बंद, खिडकी बंद, घरच्यांची तोंडं शक्य तितकी बंद. खुंटाचा शेंडा उडवायचा. मग आणखी एक पातळ चकती कापायची, पण ती उचलायची नाही. रोप तयार होईपर्यंत झाकण म्हणून तिथेच ठेवायची, म्हणजे काप सुकत नाही. कापावर मधोमध एक कडं दिसतं, रसवाहिन्यांचं. तसंच कडं रोपातही असतं. दोन्ही कडी कुठेतरी एकमेकांना भिडली तरच कलम लागतं. गंमत अशी की रोपाचं कडं खुंटाच्या कड्याहून फार लहान असेल, तर रोप अगदी मधोमध ठेवणारा नीटनेटका माणूस हमखास फसतो: रोप नुसत्या गाभ्यावर बसतं आणि उपाशी मरतं. ते जरा बाजूला सरकवून, कडी एकमेकांना छेदतील असं ठेवावं लागतं. आयुष्यभर वहीला समास आखत आलेल्या माणसाला हे फार जड जातं.

आणि ते ठेवणार कसं? रोप पात्याला चिकटतं. पात्यावरून सोडवलं की चिमट्याला, चिमट्यावरून बोटाला. खुंट सोडून सगळ्या जगाशी त्याचं जुळतं. एकदाचं खुंटावर टेकलं की रसावरून घसरतं. मी श्वास रोखून धरतो. पण रोखलेला श्वास कधीतरी सोडावा लागतो, आणि तो सुटला की रोप जमिनीवर. मग टॉर्च घेऊन गुडघ्यांवर शोध सुरू. मोठ्या आनंदाने उचललेला हिरवा ठिपका बहुधा स्वेटरचा गोळा निघतो. खरं रोप सापडलंच, तर त्याचं डोकं कुठलं आणि काप कुठला हे ठरवण्यात उरलेला रस वाळतो.

बसलेली कलमं झाकणाच्या डब्यात, दमट हवेत, काही दिवस ठेवायची आणि हात लावायचा नाही. हा सगळ्यात कठीण भाग. ‘लागलं असेल का’ म्हणून नुसतं टोकून बघितलं की जे लागत आलेलं असतं तेही निघतं.

लागलं मात्र, की घरजावई बसला. मुळं नाहीत, कष्ट नाहीत. खाली खुंट राबतो आणि हा वर फुगतो. मधूनच खुंटाला स्वतःची पोरं आठवतात आणि पानांच्या बगलांतून फुटवे येतात. ते निर्दयपणे खुडायचे, नाहीतर जावयाचं खाणं तुटतं. काही महिन्यांतच तो एवढा गरगरीत होतो की स्वतःच्या मुळांवर वाढलेली त्याची भावंडं त्याला ओळखणार नाहीत. जाणकार नाक मुरडतात: हा फुगवलेला आहे, हा खरा नव्हे. लाल डोक्याचा जिम्नोकॅलिसियम हाही खुंटावरच बसवलेला कॅक्टस, पण त्याला मात्र कोणी बोल लावत नाही. त्याच्यात हरितद्रव्यच नसल्यामुळे त्याला जन्मभर सासरीच राहणं भाग असतं. आमच्या जावयाला पुढे वेगळं बिऱ्हाड करून देता येतं. खुंटावरून कापायचा, काप चांगला वाळू द्यायचा आणि मुळं फुटायची वाट बघायची. हो, पुन्हा वाटच.

या सगळ्यात एका गोष्टीला कधीच वाट बघावी लागत नाही. दर कलमामागे खुंटाचा एक शेंडा उरतो, आणि तो कुठेही खोचला की मूळ धरतो. पुढच्या कलमांना लागेल म्हणून मी तो टाकत नाही. आता खिडकीत सगळीकडे पानंच पानं. पाहुणे ती कौतुकाने बघतात आणि विचारतात, “तुम्ही कॅक्टस लावता म्हणे, ते कुठे आहेत?”